अंगठ्याशेजारचं बोट

कापडाच्या त्या तीन मजली दुकानात बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. बाकी सगळे त्यांना मीटरबाई म्हणत. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, की बाई त्याच्या खांद्यांवरून, कमरेवरून एकदा नजर फिरवत आणि सांगत, "दोन मीटर दहा लागेल. पण सव्वादोन घ्या, म्हणजे बाह्या तोकड्या व्हायच्या नाहीत." मागाहून शिंपी माप घ्यायचा, आणि आकडा तोच निघायचा. सुरुवातीला शिंपी लोक चिडले. मग त्यांनी वाद घालणं सोडून दिलं.

ही नजर काही आभाळातून पडली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या काउंटरमागे बाई सव्वीस वर्षं उभ्या होत्या. तागा उचलायचा, उलगडायचा, लोखंडी पट्टीवर मोजायचा, कात्रीनं खाच मारायची, सर्रकन फाडायचा, घडी घालायची. सगळं उभ्यानं. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला गिऱ्हाइकांसाठी गाद्यांच्या खुर्च्या होत्या. आतल्या बाजूला स्टूलसुद्धा नव्हतं. थोरल्या मालकांचा दंडक होता, गिऱ्हाईक उभं असताना आपण बसायचं नाही. आणि गिऱ्हाईक नसताना बसलं तर गिऱ्हाईक येत नाही, असंही ते म्हणत. थोडक्यात, बसायचं नाही.

थोरले मालक होते तोवर बाई चपला घालून उभ्या राहत. ते घरी बसले, धाकटे मालक आले, आणि दुकानाला काचा लागल्या. काचांपाठोपाठ गणवेश आला. राखाडी कपडे, आणि पायांत काळे बंद बूट, पुढं निमुळते, मागं दोन बोटं टाच. बूट एकाच ठिकाणाहून खोक्यांनी आले. बाईंचं पाऊल रुंद, त्यात अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. मोठ्या मापाचा बूट चालताना टाचेतून निघायचा, लहान पुढं आवळायचा.

"लहानच घ्या," बूट वाटणारा माणूस म्हणाला. "कातडं आहे, आठवड्यात सैल पडेल."

ते कातडं नव्हतं, रेक्झिन होतं. आठवडा गेला, महिना गेला, वर्ष गेलं. बूट काही सैल पडला नाही. पाऊलच नमलं.

बाईंचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासत. ते दिवसभर बसून, या दिवसभर उभ्या. संध्याकाळी घरी आल्यावर बाई जमिनीवर बसत, पाय पसरत आणि ते लांब बोट अंगठ्यानं दाबून सरळ करत. पहिली दोन-तीन वर्षं ते दाबलं की सरळ व्हायचं, सोडलं की परत मधल्या सांध्यात वाकायचं.

"काय म्हणतंय बोट?" यजमान विचारत.

"ऐकत नाही."

"या घरात कोण कुणाचं ऐकतं," ते म्हणत आणि पुन्हा कागदात डोकं घालत.

पुढं केव्हातरी बोट दाबूनही सरळ होईना. कोणत्या दिवशी, हे बाईंना सांगता आलं नसतं. मधला सांधा वर आला, टोक खाली वळलं, आणि वर आलेल्या सांध्यावर बूट रोज घासू लागला. तिथं आधी लाली आली, मग कडक पिवळट गाठ झाली.

"कुरूप झालंय," बाई एकदा म्हणाल्या.

"माझं मत विचारशील तर अजून चांगली दिसतेस," यजमान म्हणाले.

बाई हसल्या, आणि विषय तिथंच राहिला. पुढं यजमानांना हा विनोद फार वेळा आठवला. छापलेल्या पानावरची एक वेलांटी चुकली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आणि बायको उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत तिरकी चालते, हे त्यांना सहा-सात वर्षं दिसलं नव्हतं.

बाईंनी घरातल्या घरात करायचे ते सगळे उपाय केले. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवले, तेल चोळलं, बोटावर कापूस बांधला. औषधाच्या दुकानातून कुरूप जाळायची गोल पट्टी आणली. पट्टीनं कुरूप जळालं ते जळालं, भोवतालचं चांगलं कातडंही पांढरं पडून सोलपटलं. शेवटी एका रविवारी यजमान बाहेर गेलेले असताना त्यांनी दाढीचं नवं पातं घेतलं आणि मोरीत बसून कुरूप कापलं. कात्रीला सरावलेला हात. थर बरोबर निघत होते. एक थर जास्त निघाला. रक्त बराच वेळ थांबलं नाही. पातं कागदात गुंडाळून टाकलं, फरशी धुतली, आणि सोमवारी बोटाला चिंधी बांधून त्याच बुटात पाय घातला.

त्या आठवड्यात एका वसतिगृहाची मोठी मागणी आली. एकशेसाठ मुलींचे गणवेश, निळं कापड, प्रत्येकी दोन मीटर दहा. वसतिगृहाच्या व्यवस्थापिका यादी घेऊन समोरच बसल्या होत्या, आणि सगळं एका दिवसात हवं होतं. बाई सकाळी उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत शंभर तुकडे झाले. चिंधी ओली झाल्याचं त्यांना कळत होतं. पाय बदलून बदलून त्या उजव्या पायाचा भार टाचेवर घेत होत्या, टाच थकली की पावलाच्या बाहेरच्या कडेवर. पाचच्या सुमारास डोळ्यांपुढं पट्टीवरचे आकडे हलायला लागले. तरी हात चालू होते.

शेजारी अस्तराचा काउंटर होता. तिथली बाई वयानं पंधरा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ. तिला सगळे अस्तरवाली म्हणत. घड्या मोजायला ती मदतीला आली होती. एक घडी उचलून तिनं हातावर तोलली, मग दुसरी.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हे तुकडे कमी आहेत."

बाईंनी तुकडा पट्टीवर टाकला. एक मीटर वीस. त्याच्या खालचाही तोच. दोन-दहाच्या जागी एक-वीस, असे अकरा तुकडे फाडून झाले होते. निळं कापड काउंटरवर पसरलेलं, आणि व्यवस्थापिका यादीवरून मान वर करून बघताहेत. धाकटे मालक जिन्यातून येत होते. त्यांनी तुकडे बघितले, मग बाईंकडे बघितलं.

"मीटरबाई?" ते एवढंच म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्या काउंटरची कड धरून बाहेर आल्या आणि भिंतीच्या आधारानं बायकांच्या मोरीकडं गेल्या. अस्तरवाली मागून आली. बाई पालथ्या बादलीवर बसून बूट काढायला बघत होत्या आणि बूट निघत नव्हता, कारण मोजा बोटाला चिकटला होता.

"थांबा, ओढू नका," अस्तरवाली म्हणाली. तिनं तांब्याभर पाणी आणलं, मोजा भिजवला, आणि हळूहळू सोडवला. मग पाऊल बघितलं. 

"किती दिवस झाले?"

"जखमेला पाच."

"आणि बोटाला?"

"नऊ वर्षं."

"उद्या सकाळी मी तुम्हाला हाडांच्या डॉक्टरांकडं नेणार आहे," अस्तरवाली म्हणाली. "नाही म्हणायचं नाही. माझ्या सासूचा गुडघा त्यांनीच बघितला. माणूस बरा आहे. सासू शिव्या देत होती तरी चिडला नाही."

संध्याकाळी बाई रिक्षानं घरी आल्या. यजमानांनी दार उघडलं, पायाकडं बघितलं, आणि हातातली कागदांची चळत तशीच खाली ठेवली. बाईंना खुर्चीत बसवून ते समोर जमिनीवर बसले. पाऊल मांडीवर घेतलं. बोट सुजून लाल झालं होतं, सांध्यावर उघडी जखम, टोकाशी आणखी एक घट्टा.

"मला का नाही सांगितलंस?"

 खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या सायकलीची घंटी वाजली, दार लागलं.

"आईचंही असंच होतं," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

त्यांची आई एका शाळेत झाडू-फरशीचं काम करायची. पायांत कुणाचे तरी जुने बूट, जे मिळतील ते. माप विचारायचा प्रश्न नव्हता. म्हातारपणी ती फार हळू चालायची. बाजारात, दवाखान्यात, कुठंही निघालं की बाई पुढं आणि आई वीस पावलं मागं. बाई वळून म्हणायच्या, "आई, पाय उचल गं जरा. माझी वेळ होतेय." आई म्हणायची, "तू हो पुढं, मी येते." दर वेळी हेच. एकदा रस्ता ओलांडताना बाई एवढ्या कावल्या होत्या, की त्यांनी आईचा दंड धरून तिला फरफटत पलीकडं नेलं. आईनं हूं की चूं केलं नाही. पलीकडं पोचल्यावर मात्र भिंतीला टेकून डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली. दम लागला असेल, असं बाईंना वाटलं होतं.

आई तापानं गेली. शेवटची अंघोळ घालताना पावलांवर पाणी ओतलं तेव्हा बाईंनी ती पहिल्यांदा नीट बघितली. दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची बोटं दुमडून कडक झालेली, एक तर अंगठ्यावर चढलेलं. वर जुनी काळपट कुरपं. आणि प्रत्येक बोटाभोवती भिजून पारदर्शक झालेला कापसाचा पातळ थर, वरून पांढऱ्या दोऱ्याचे वेढे. वेढे एकसारखे, एकावर एक न येऊ देता घातलेले. ती ते रोज सकाळी घालत असली पाहिजे, सगळे उठायच्या आत.

"मी तो दोरा सोडवला नाही," बाई म्हणाल्या. "तसाच राहू दिला. तिला पाय उचल म्हणून किती वेळा सांगितलं असेल मी, त्याला काही मोजमाप आहे का?"

यजमानांचा हात त्यांच्या घोट्यावर होता. त्यांनी समजूत घातली नाही. तुला काय माहीत होतं, असं म्हणता आलं असतं. पण तेच वाक्य आज त्यांना स्वतःलाही लागू होत होतं, आणि ते किती पोकळ आहे हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी यजमान आणि अस्तरवाली दोघंही बरोबर गेले. हाडांचे डॉक्टर साठीचे, बुटके, आवाज एकदम खालचा. त्यांनी बाईंना उंच टेबलावर बसवलं आणि स्वतः बुटक्या स्टुलावर त्यांच्या पायांशी बसले. बाईंना अवघडल्यासारखं झालं. आपण वर आणि परका माणूस खाली, असं त्या कधी बसल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी आधी जखम धुतली. मग बाईंना डोळे मिटायला सांगून एका बारीक ताठ दोऱ्यानं तळव्याला जागोजागी टोचलं. "कळलं की सांगा." बाईंना सगळीकडं कळलं. बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. घोट्यापाशी नाडी बघितली. मग ते वाकडं बोट दोन बोटांत धरून सरळ करायचा प्रयत्न केला. झालं नाही.

"पातं वापरलंत?"

"हो."

"तुम्हाला साखरेचा आजार नाही आणि पायाला संवेदना शाबूत आहे, म्हणून आपण आज जखमेबद्दल बोलतोय. तसं नसतं तर याच जखमेपायी बोट घालवावं लागलं असतं. पुन्हा पातं लावायचं नाही, आणि ती जाळायची पट्टीही नाही."

"पण हे होतं कशानं?" यजमानांनी विचारलं.

डॉक्टरांनी बाईंचं दुसरं पाऊल हातात घेतलं. "बोट सरळ राहतं ते दोन दोऱ्यांमुळं. एक वरून ओढते, एक खालून. दोघींचं पटलं तर बोट सरळ. आता यांचं हे बोट मुळातच लांब. बुटाला पुढं जागा नाही. मग ते जाणार कुठं? मधल्या सांध्यात दुमडतं. सुरुवातीला दाबलं की सरळ होतं. पण रोज दहा तास दुमडलेलं राहिलं, की खालची दोरी आखडते, सांधा तसाच धरतो. मग बूट काढला तरी बोट बुटात असल्यासारखंच राहतं. हातोडीसारखं दिसतं म्हणून आम्ही त्याला हॅमर टो म्हणतो. घरात आणखी कुणाला होतं?"

"आईला," बाई म्हणाल्या.

"बोटाची लांबी, पावलाची ठेवण घराण्यातून येते. बूट मात्र घराण्यातून येत नाहीत." डॉक्टरांनी बाईंचा काळा बूट उचलून बघितला, चवड्याकडची रुंदी चिमटीत मोजली आणि खाली ठेवला. "आधी जखम भरू द्या. तीन आठवडे बंद बूट नाही. नंतर पुढं रुंद, वरून खोल, टाच नसलेले बूट, आणि सांध्यावर मऊ गादी. तेवढ्यानं दुखायचं थांबलं, तर बोट वाकडं ते वाकडं राहू द्या. नुसतं सरळ दिसावं म्हणून मी कुणाला कापत नाही. दुखतच राहिलं, तर मग बघू."

अस्तरवाली इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर, हे सगळं कागदावर लिहून द्या. आमच्या मालकांना वाचता येतं."

धाकट्या मालकांनी कागद वाचला. ते वाईट माणूस नव्हते. अकरा तुकड्यांबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही. वसतिगृहाला नवा तागा दिला आणि लहान तुकड्यांचे रुमाल करून विकले. पण काचेच्या दुकानात एका बाईच्या पायात बँडेज आणि उघडी चप्पल, हे त्यांना पटेना.

"जखम भरेपर्यंत वर गोदामात बसा," ते म्हणाले. "तिथं कुणी बघत नाही."

बाई गोदामात गेल्या. बसायला खुर्ची मिळाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मिळालेली खुर्ची, आणि समोर माणूस नाही. ताग्यांना चिठ्ठ्या लावायच्या, खाली पाठवायचे. जखम तीन आठवड्यांत भरली. यजमानांनी चार दुकानं हिंडून रुंद बूट शोधून आणले. काळे, पण तोंडाला बोथट. "होडी आणलीत की काय," बाई म्हणाल्या. पण घातले तेव्हा बोटं एकमेकांपासून सुटी झाली, आणि त्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या.

ते बूट घालून त्या मालकांसमोर गेल्या.

"मी उद्यापासून खाली उभी राहीन म्हणते. याच बुटात."

"गणवेश सगळ्यांना एकच आहे, मीटरबाई. तुम्हाला वेगळं दिलं, तर उद्या सगळ्या मागतील."

"मागू देत. मागतील त्यांचे पाय बघा."

 बाईंनी आवाज चढवला नव्हता, चढवायची सवयही नव्हती. "मी तुमच्या वडिलांच्या वेळेपासून उभी आहे," त्या म्हणाल्या. "उभं राहण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उभं राहायला पाऊल लागतं."

मालकांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, की डॉक्टरांचा कागद आणील तिला रुंद बुटाची मुभा. आठ दिवसांत पाच कागद आले. त्यांतला एक अस्तरवालीचा होता. तिच्याही अंगठ्याशेजारचं बोट वाकायला लागलं होतं, हे तिनं दुसऱ्याचा मोजा भिजवताना कुणाला सांगितलं नव्हतं. स्टूल मात्र मिळालं नाही. ते आजही नाही.

बाई काउंटरवर परतल्या. पण दुखणं गेलं नाही. नऊ वर्षांचं बोट. ते हळूहळू अंगठ्यावर चढायला लागलं होतं, आणि रुंद बुटातही वरून घासत होतं. गादी लावली तर गादी सरकायची. सहा महिने त्यांनी वाट बघितली. मग एकदा दुकानातून येताना रस्ता ओलांडायला त्यांना दोन हिरवे दिवे लागले. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "चला, कापून घेऊ या."

शस्त्रक्रिया सकाळची होती. फक्त पाऊल बधिर केलं. बाई जाग्या होत्या, मध्ये हिरवा पडदा. दुखत नव्हतं, पण आवाज येत होता, आणि तो त्यांना ओळखीचा नव्हता. कापड फाडल्यासारखा नाही, लाकूड खरवडल्यासारखा. डॉक्टर पडद्यामागून जे करत होते ते सांगत राहिले: आखडलेली दोरी सैल केली, सांध्याचा थोडा भाग काढला, आता बोट सरळ धरून ठेवायला आतून एक बारीक तार घालतोय. मध्येच बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. परिचारिकेनं विचारलं, "दुखतंय का?" बाईंनी नकारार्थी मान हलवली. कशासाठी रडू येतंय, हे त्यांनी सांगितलं नाही. आपल्याला इथं टेबलावर कुणीतरी विचारतं आहे, एवढंच त्यांच्या मनात होतं. आईला कुणी विचारलं नव्हतं.

तार सहा आठवडे राहिली. बोटाच्या टोकातून ती जराशी बाहेर, तिच्यावर मोत्याएवढी गोळी बसवलेली, कुठं अडकू नये म्हणून. टाचेवर भार टाकून चालायची जाड चप्पल. पहिले पंधरा दिवस पाय उशीवर, उंच. यजमानांनी छापखान्यातून कागद घरी आणून काम केलं, आणि स्वयंपाकही त्यांनीच केला. भाजीत मीठ कधी नसायचं, कधी दोनदा पडायचं.

"या पानावर दोन चुका आहेत," बाई ताटाकडं बघून म्हणत.

"समासात लिहून दे," यजमान म्हणत.

असं बोलणं त्यांच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दुपारी ते मोठ्यानं मुद्रित वाचत, बाई मूळ प्रत हातात धरून ताडून बघत. कधी शेतकी खात्याचा अहवाल, कधी कुणाच्या आठवणी. एकदा वाचता वाचता यजमान थांबले.

"तू तिरकी चालायचीस," ते म्हणाले. "मला आता आठवतं. जिन्यावर आधी डावा पाय टाकायचीस, दर वेळी. मला दिसत होतं. पण दिसूनही मी वाचलं नाही."

बाईंनी प्रत खाली ठेवली. "मी झाकत होते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात झाकायची पद्धत आहे."

"ती आता बंद करू."

"करू," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची ओळ वाचायला सांगितलं.

तार काढायच्या दिवशी बाई घाबरल्या होत्या. डॉक्टरांनी पकडीनं ती धरली आणि बोलता बोलता ओढून घेतली. बोट सरळ होतं. थोडं आखूड, फुगलेलं, आणि मधल्या सांध्यात आता कधीच न वाकणारं.

"सूज जायला सहा-आठ महिने लागतील," डॉक्टर म्हणाले. "हे पूर्वीसारखं होणार नाही. पण घासणारही नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी डावं पाऊल मागितलं. बाईंना वाटलं होतं ते विसरतील. डावीकडचं अंगठ्याशेजारचं बोटही वर उचलायला लागलं होतं, उजव्याच्या चार-पाच वर्षं मागं. डॉक्टरांनी ते दाबलं. सरळ झालं.

"हे अजून ऐकतंय," ते म्हणाले. "ऐकतंय तोवर याला सांभाळू. रुंद बूट आहेतच. रोज हातानं सरळ करून दहापर्यंत मोजायचं, दहा वेळा. आणि जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा. कंटाळवाणं आहे. सरळ होईलच असं वचन देत नाही, पण आखडायचं लांबेल, कदाचित टळेलही."

चौथ्या महिन्यात बाई काउंटरवर उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत पाऊल जड व्हायचं, थंडीत बोट ठणकायचं. पण भार चवड्यावर टाकता यायचा, आणि आकडे हलत नव्हते. त्यांनी आणखी साडेचार वर्षं काम केलं. आईबद्दल त्या पुन्हा फारसं बोलल्या नाहीत. त्या दुखण्याला तार नव्हती की गादी नव्हती. ते त्यांनी चालताना बरोबर घेतलं, एवढंच.

सकाळी दुकानाला जायच्या आधी त्या खुर्चीत बसून जमिनीवर जुना टॉवेल पसरत. पाचही बोटांनी त्याची कड पकडायची, आपल्याकडं ओढायची, सोडायची. यजमान चहा घेऊन समोर बसत. एकदा त्यांनीही मोजा काढला आणि टॉवेलाचं दुसरं टोक पकडायला गेले. त्यांना घडीसुद्धा उचलता येईना.

"बसून बसून बोटं विसरलीत तुमची," बाई म्हणाल्या.

"मग शिकव."

बाईंनी टॉवेल त्यांच्या बाजूला सरकवला. "टाच हलवायची नाही," त्या म्हणाल्या. "घाई करायची नाही. हं, आता धरा."